हप्ता शेजाऱ्याला आला, आपल्याला नाही: अडलं कुठे ते शोधायचं कसं

२८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळात पंतप्रधानांची सभा झाली. त्याच दिवशी पीएम किसानचा, म्हणजे शेतकऱ्यांना वर्षाला सहा हजार देणाऱ्या केंद्राच्या योजनेचा, सोळावा हप्ता सुटला, आणि सोबत राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा दुसरा आणि तिसराही. दोन, दोन आणि दोन, एका दिवसात सहा हजार. आपल्या जिल्ह्यातून सुटलेला पैसा म्हणून गावात अप्रूपही होतं. संध्याकाळपर्यंत माझ्या सेवा केंद्रासमोर दोन रांगा लागल्या. एक अंगठा लावून पैसे काढणाऱ्यांची आणि दुसरी "बाजूच्या वावरवाल्याले आले, माये काऊन नाई आले?" असं विचारणाऱ्यांची. पहिली रांग तीन दिवसांत संपली. दुसरी अजून संपलेली नाही. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला वाशिमहून अठरावा हप्ता सुटला, तेव्हाही त्यातले निम्मे चेहरे तेच होते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, आधार, विजेचं बिल, सगळंच. पण दर चार महिन्यांनी आठ-दहा दिवस फक्त हाच प्रश्न असतो. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी निदान बसभाडं तरी वाचेल.

आधी स्टेटस बघा, मग चप्पल घाला

हप्ता आला नाही की माणूस पहिल्यांदा बँकेत जातो. का, तर पैसा बँकेतच दिसतो म्हणून. बँकवाले म्हणतात, आमच्याकडे काहीच आलं नाही, तहसीलला विचारा. तहसीलमध्ये म्हणतात, ते काम कृषी विभागाचं. कृषी कार्यालयात म्हणतात, केवायसी करून या. आमच्या गावातले एक काकाजी सोयाबीन काढणीच्या दिवसांत असे तीन वेळा तालुक्याला गेले. प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडाली, शिवाय जाण्यायेण्याचा खर्च. दोन हजारांचा हप्ता शोधताना हजाराच्या आसपास गेले. आणि त्यांची अडचण बँकेतली नव्हतीच.

पीएम किसानच्या पोर्टलवर 'नो युवर स्टेटस' असं एक बटण आहे. तिथे नोंदणी क्रमांक टाकायचा. तो पाठ नसतोच कोणाला, पण बाजूच्याच दुव्यावर मोबाईल किंवा आधार टाकला की मिळतो. नोंदणीच्या मोबाईलवर ओटीपी येतो आणि पान उघडतं. त्या पानावर तीन ओळी बघायच्या: लँड सीडिंग (जमिनीची नोंद तुमच्या नावाला जोडणं), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) आणि आधार बँक अकाउंट सीडिंग (आधार बँक खात्याला जोडणं). तिन्हींपुढे 'येस' असेल तर तुमचं काम बरोबर आहे. एकापुढेही 'नो' असेल तर अडलं तिथेच. तीन ओळी, तीन वेगळी दारं. लँड सीडिंगचं दार तहसील आणि कृषी कार्यालयात उघडतं, ई-केवायसीचं आमच्यासारख्या केंद्रात किंवा तुमच्याच फोनवर, आणि तिसरं बँकेत. काकाजींच्या पानावर पहिल्या ओळीपुढे 'नो' होतं आणि ते तिन्ही वेळा बँकेत गेले होते.

खाली हप्त्यांचा तक्ता असतो. तिथे 'आरएफटी साइन्ड बाय स्टेट' दिसलं तर समजा राज्याने तुमच्या नावाला मान्यता दिली आहे. 'एफटीओ जनरेटेड, पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग' म्हणजे पैसे पाठवायचा आदेश निघाला, पोच यायची आहे. अशा वेळी कुठेही धावू नका, आठवडाभर थांबा. घाईने अर्ज करून चालू असलेलं काम बिघडवणारे मी पाहिले आहेत.

नमो शेतकरीसाठी वेगळा अर्ज नसतो. २०२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली ही राज्याची योजना पीएम किसानच्याच यादीवर चालते. केंद्राचे सहा आणि राज्याचे सहा, असे वर्षाला बारा हजार. म्हणजे पीएम किसान अडलं की नमोही अडतं, आणि पीएम किसान सुटलं की नमो मागून येतं. "पीएमचे आले, नमोचे नाही" म्हणून जे येतात त्यांना मी थांबायलाच सांगतो. दोन्ही पैसे एकाच दिवशी सुटतील असं नसतं. यवतमाळचा दिवस वेगळा होता.

ई-केवायसी

हे सगळ्यात सोपं, म्हणून थोडक्यात. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीवर घरीच होतं. नसेल तर केंद्रात अंगठा लावून होतं. अंगठाही घेत नसेल तर पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून होतं, २०२३ पासून ती सोय आहे.

अंगठ्याची अडचण आमच्याकडे जरा जास्तच. दिवाळीनंतर कापूस वेचणीला गेलेल्या बायांची बोटं बोंडांच्या टोकांनी इतकी खरचटलेली असतात की मशीन काही केल्या ठसा धरत नाही. त्या दिवसांत मी सरळ चेहऱ्यावर घेतो. उन्हात, भिंतीकडे पाठ करून, डोळ्यांची उघडझाप करायला सांगायचं. एका आजीने दर वेळी पदर ओढून डोळे मिटले. सातव्या खेपेला जमलं.

केलं आणि लगेच 'येस' झालं नाही तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी बघा. आणि व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान केवायसी' नावाची फाईल आली तर ती उघडू नका. सरकार एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. ती उघडली की फोन दुसऱ्याच्या हातात जातो आणि खातं रिकामं होतं.

खातं: 'आधार जोडलेलं आहे' या वाक्यावर विश्वास ठेवू नका

बँकेत गेलात की काउंटरवरून उत्तर येतं, "आधार लिंक आहे तुमचं." ते खोटं बोलत नाहीत. पण त्यांच्या नोंदवहीत आधार असणं वेगळं आणि सरकारी पैसा उतरण्यासाठी ते जोडलेलं असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारची नोंद एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे असते, आणि तिथे एका आधारापुढे एकाच बँकेचं नाव असतं. शेवटी जिथे जोडणी झाली ती बँक. पाटाच्या पाण्यासारखं समजा. वावरं चार असली तरी बारं एकाच वावरात फोडता येतं, आणि शेवटचं ज्याने फोडलं त्याच्याकडे पाणी जातं. तुम्ही जुन्या वावराच्या धुऱ्यावर बसून वाट पाहता.

तुमचं पाणी कुठे वळलंय हे बघायला फोनवरून *९९*९९*१# लावा, आधार क्रमांक टाका. किंवा आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, तिथे बँकेचं नाव दिसतं.

माझ्याकडे येणाऱ्या खात्याच्या अडचणींत निम्म्याहून जास्त वेळा पैसे आलेले असतात. फक्त भलत्याच खात्यात. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना बायांनी घाईघाईने नवी खाती उघडली, कोणी पोस्टात, कोणी आणखी कुठे, आणि आधारही तिथेच जोडलं. सातबारा ज्यांच्या नावावर होता त्यांचा पीएम किसानचा हप्ता त्यानंतर नव्या खात्यात जायला लागला. घरात दोन महिने भांडण, सरकारला शिव्या, आणि पैसे पोस्टाच्या खात्यात निवांत पडलेले. नवं सिमकार्ड घेताना अंगठा लावून उघडलेली मोबाईल कंपनीची पेमेंट बँकही असंच करते. आपण खातं उघडलं हे त्या माणसाला माहीतही नसतं.

ज्या बँकेत पैसे यायला हवेत तिथे जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' (डीबीटी म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात) असं स्पष्ट म्हणा आणि तसा अर्ज भरून द्या. 'लिंक करा' एवढंच म्हणालात तर ते फक्त लिंक करतील. अर्जाची पोच घ्या. पोच मागितली की माणसाचं वागणंच बदलतं, हा माझा अनुभव.

दोन वर्षं एकही व्यवहार नसलेली खाती बंद पडल्यासारखी होतात, केवायसी जुनी झाली म्हणून गोठवलेली खातीही बरीच असतात. स्टेटसवर पैसे गेल्याची नोंद दिसते आणि नंतर रक्कम परत गेल्याची. अशा वेळी आधी खातं चालू करून घ्या, शंभर रुपये भरा, शंभर काढा.

राहिला बँकेने पैसे धरून ठेवण्याचा प्रकार. पीक कर्ज थकलं की काही शाखा खात्याला 'होल्ड' लावतात आणि हप्ता आला तरी हातात येत नाही. अनुदानाच्या रकमेतून कर्ज वसूल करू नका अशा सूचना शासनाने बँकांना वेळोवेळी दिलेल्या आहेत. अतिवृष्टीच्या मदतीच्या शासन निर्णयांत तर तशी ओळच असते. तोंडी वाद घालू नका. व्यवस्थापकाच्या नावे चार ओळींचा अर्ज द्या, त्यात 'ही रक्कम शासकीय अनुदानाची आहे, कर्जखात्यात वळती करू नये' असं लिहा आणि प्रत तहसीलदारांना द्या. माझ्यासमोर दोन प्रकरणं अशा कागदावर सुटली. एक सुटलं नाही, त्या शेतकऱ्याने शेवटी खातंच दुसरीकडे वळवलं. मला विचाराल तर तोच सोपा उपाय आहे, फक्त बँकेत सांगत बसू नका.

लँड सीडिंग 'नो': इथे खरी गोची आहे

केवायसी आणि खातं हा यंत्राचा मामला, तास-दोन तासांत किंवा आठवड्यात निघतो. जमिनीचा मामला घराचा असतो. तिथे भावांची भांडणं, मेलेल्या माणसांची नावं आणि न झालेल्या वाटण्या असतात.

आधी नियम सांगतो. योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्याच शेतकऱ्यांना होती, जून २०१९ पासून सगळ्या जमीनधारकांना लागू झाली. पण जमीन १ फेब्रुवारी २०१९ ला तुमच्या नावावर असायला हवी. त्या तारखेनंतर विकत घेतली, बक्षीस मिळाली, वाटणीत आली तर चालत नाही. अपवाद एकच: मूळ मालक वारला आणि वारसाने तुमचं नाव लागलं.

हा अपवाद नीट समजून घ्या, कारण गावातली सगळ्यात महागडी चूक इथेच होते. आमच्याकडे एका बापाने २०२१ मध्ये आपली नऊ एकर जमीन दोन मुलांत वाटून दिली. हयातीतच वाटून टाकलं म्हणजे पुढे भांडण नको, हा चांगलाच विचार. झालं काय, तर बापाच्या नावावर जमीन उरली नाही म्हणून बापाचा हप्ता बंद. मुलांच्या नावावर २०१९ नंतर आली आणि तीही मृत्यूने नाही, म्हणून मुलं अपात्र. एका वाटणीत घरातला एकुलता एक हप्ता गेला. म्हाताऱ्याने मला विचारलं, "म्हणजे मी मेलो असतो तं पोराईले भेटले असते?" नियमाप्रमाणे उत्तर 'हो' होतं. मी म्हटलं, चहा घ्या बुवा.

आता ज्यांचं खरंच दुरुस्त होतं त्यांच्याबद्दल.

वडील वारले आणि सातबारावर अजून त्यांचंच नाव आहे, हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसांनी कळवायचं असतं, पण तेरवीनंतर तलाठ्याकडे जायचं कोणाला सुचत नाही. तलाठ्यांचं पदनाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि आधार घेऊन अर्ज द्यायचा. नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीसाठी जातात, मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, मंजूर करतात, मग सातबारावर नावं चढतात. २०२५ मध्ये शासनाने जिवंत सातबारा मोहीम राज्यभर राबवली. तिची सुरुवात आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातून झाली होती. मेलेल्या खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची, हेच काम.

वारस नोंद अडते ती बहुतेक बहिणींपाशी. भाऊ म्हणतात, बहिणींनी आधी हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा कागद) द्यावं, मग नोंद करू. बहिणी येत नाहीत, आल्या तर सही करत नाहीत, आणि त्यात पाच-सहा वर्षं जातात. वारस नोंदीसाठी हक्कसोड लागत नाही, हे मी दर वेळी सांगतो. सगळ्यांची नावं लावून टाका. हक्कसोड करायचंच असेल तर ते नंतर दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येतं. आणि माझं खरं मत विचाराल तर करूच नका. पण ते केंद्राच्या काउंटरवरून सांगायचं नसतं.

नावं लागली की आपोआप हप्ता सुरू होत नाही. वडिलांची नोंदणी बंद करायची आणि वारसाने स्वतःची नवी करायची. त्यासाठी नवा सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), वारसाचा फेरफार, आणि वडिलांच्या नावावर २०१९ आधीपासून जमीन होती हे दाखवणारा जुना फेरफार लागतो. हा जुना फेरफार लोक विसरतात आणि अर्ज परत येतो. पती-पत्नी दोघांचं आधारही सोबत ठेवा. नव्या नोंदणीला शेतकरी ओळख क्रमांकही लागतो, ज्याला गावात सगळे 'फार्मर आयडी' म्हणतात. एकाच सातबारावर चार भाऊ असले तर चौघांना आपापला क्रमांक काढता येतो, एकाने काढून भागत नाही.

सामाईक खात्यात प्रत्येकाचं कुटुंब वेगळं असेल तर प्रत्येकजण पात्र असतो. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. थोरल्या भावालाच मिळतं असा समज अजून आहे, आणि थोरल्या भावांनी तो मोडायची फार घाई केलेली नाही.

उलट बाजूही आहे. सासरी नवऱ्याच्या नावावर जमीन आणि माहेरच्या वारस नोंदीत बायकोचंही नाव लागलं, की दोघांनी अर्ज केलेले असतात. कुटुंब एक, हप्ता एक. २०२५ मध्ये केंद्राने असे संशयित लाभार्थी शोधून काढले आणि पडताळणी होईपर्यंत त्यांचे हप्ते थांबवले. त्यात १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन मिळालेलेही होते. तुमचा हप्ता अलीकडेच, सगळ्या ओळी 'येस' असताना थांबला असेल तर बहुधा हेच कारण आहे. दोघांपैकी एकाने स्वतःहून लाभ सोडला की दुसऱ्याचा सुरू होतो. लपवून ठेवलं तर वसुलीची नोटीस येते.

नावातला फरक हाही इथलाच. सातबारावर 'रामा', आधारावर 'रामराव', बँकेत 'रामराव' पण आडनाव वेगळ्या स्पेलिंगने. आधारातलं नाव धरून पीएम किसानमधलं नाव पोर्टलवर दुरुस्त करता येतं. सातबाऱ्यावरची लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज द्यायचा. शाळेचा दाखला किंवा जुनं खरेदीखत सोबत लावलं तर लवकर होतं.

ज्यांना मिळत नाही त्यांनी वेळ घालवू नये

आयकर भरणारे, नोकरीत असलेले किंवा निवृत्त सरकारी कर्मचारी, महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन असलेले, आणि आजी-माजी आमदार-खासदार, जिल्हा परिषद अध्यक्ष वगैरे अपात्र आहेत. नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनियर, सीए हेही त्यात. नोकरी आणि पेन्शनच्या अटीतून चतुर्थ श्रेणी कर्मचारी मात्र वगळलेत. शाळेत शिपाई असलेल्यांना हे माहीत नसतं, म्हणून सांगून ठेवतो. अपात्र असून पैसे घेतले असतील तर पोर्टलवर परत करायची सोय आहे, नोटीस यायच्या आत केलेलं बरं.

आता लाडकी बहीणची एक तक्रार, कारण ती माझ्याकडे याच रांगेत येते. "मले पंधराशेच्या जागी पाचशेच आले." वहिनी, तुमच्या नावावर सातबारा आहे ना? पीएम किसान आणि नमो मिळून वर्षाला बारा हजार, म्हणजे महिन्याला हजार तुम्हाला मिळतात. वरचे पाचशे लाडकी बहीणमधून, एकूण पंधराशे. ही चूक नाही, तसाच हिशेब आहे. पटो न पटो, तहसीलला जाऊन काही बदलणार नाही.

ठोक्याने करणारे

आमच्या गावात वावर कसणाऱ्यांत मोठा भाग ठोक्याने (ठरलेल्या भाड्याने) किंवा बटईने (पिकाच्या वाट्याने) करणाऱ्यांचा आहे. मालक यवतमाळला, नागपूरला, पुण्याला. हप्ता मालकाला. कापूस-सोयाबीनचं २०२३ च्या खरिपाचं अर्थसाहाय्य, हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत, तेही सातबाऱ्यावरच्या नावाने गेलं. सामाईक खात्यांना त्यासाठी एकमेकांची संमतीपत्रं गोळा करावी लागली. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तरी मालकाचाच सातबारा लावावा लागतो, आणि मग पैसे मालकाच्या खात्यातून मागून घ्यावे लागतात.

लेखी करार केला तर काही वाट निघेल का, असं मला विचारतात. मालक लेखी देत नाहीत, कारण 'कूळ लागेल', म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती. विदर्भाला कुळवहिवाटीचा स्वतंत्र कायदा आहे, १९५८ चा, आणि त्याची आठवण घराघरांत अजून ताजी आहे. पीएम किसान कसणाऱ्याला मिळत नाही. सातबाऱ्यावर भोगवटदाराच्या, म्हणजे मालकाच्या, रकान्यात नाव कोणाचं, एवढंच बघितलं जातं. माझ्याकडे याचा उपाय नाही, म्हणून ठोक्याने करणारा रांगेत आला की मी त्याला पहिल्यांदाच सांगून टाकतो. एकच करता येतं: मालकाशी ठोका ठरवताना हे बारा हजार मालकाला मिळतात हे हिशेबात धरून बोला. दोघा-तिघांनी तसं बोलून ठोका थोडा कमी करून घेतलाय.

एक प्रकरण जे अजून मिटलेलं नाही

मागच्या वर्षी एक वहिनी आल्या. नवरा जाऊन चार वर्षं झाली. कसा गेला ते गावाला माहीत आहे, इथे लिहायची गरज नाही. सात एकर जमीन त्याच कसतात, दोन पोरं शाळेत. स्टेटस बघायला नोंदणीच सापडेना, कारण जमीन सासऱ्यांच्या नावावर. नवऱ्याचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलंच नव्हतं. हप्ता सासऱ्यांच्या खात्यात येतो. सासरे चांगले आहेत, पैसे पोरांच्या वह्यांना देतात, पण देतात म्हणून मिळतात.

सासऱ्यांनी आत्ता त्यांच्या नावावर दोन एकर केली तर जमीन मिळेल, हप्ता नाही. वर सांगितलेला तोच नियम. म्हणून त्या मार्गाने गेलो नाही. एवढंच समजावून सांगितलं की सासऱ्यांनंतर वारस नोंद होईल तेव्हा मुलगा आधी गेलेला असला तरी त्याची विधवा आणि मुलं वारसच असतात, हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे. दोन दीर आहेत. यादी करताना 'दोनच मुलगे' असं सांगितलं जातं आणि तिसऱ्याचं घर गळतं, हे मी तीन घरांत पाहिलंय. नोटीस लागेल त्या पंधरा दिवसांत हरकत घ्यायची, एवढं त्यांच्या डायरीत लिहून दिलं.

ज्यांचे नवरे हयात आहेत आणि जमीन नवऱ्याच्या स्वतःच्या नावावर आहे, त्यांना मी लक्ष्मी मुक्ती योजनेचं सांगतो. १९९२ पासूनची आहे. नवऱ्याने अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. त्याने दुसरा हप्ता मिळत नाही, कुटुंब एकच. म्हणूनच लोक विचारतात, मग उपयोग काय? माझ्या केंद्रातून आतापर्यंत असे चार अर्ज गेलेत. तिघांनी बायकोला सोबत आणलं होतं, चौथा एकटाच आला आणि म्हणाला, तिले सांगू नका, सातबारा हातात आला की मीच दाखवतो.

स्टेटस, बँकेचं नाव, सातबारा, जुना फेरफार एवढं बघूनही कोडं सुटलं नाही तर १५५२६१ वर फोन लावा. सकाळी लावा, दुपारनंतर लागत नाही. बोलताना नोंदणी क्रमांक समोर ठेवा आणि तक्रार क्रमांक मागून लिहून घ्या. पुढचा हप्ता सुटायच्या आधी येऊन गेलात तर मलाही वेळ असतो. सुटल्यावर आलात तर दुसऱ्या रांगेत उभं राहावं लागेल.